बिनकुलपाचा जिना

कुलूपरावांचं दुकान इतकं अरुंद होतं, की आत किल्ली कापता येई, पण शिंक आली तर बाहेर यावं लागे. तरी त्यात दोघं मावत: कुलूपराव आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मावत, कारण कुलूपराव बोलत आणि मेहुणा काम करी, आणि बोलण्याला जागा लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं बंद करून पोट भरलेला हा माणूस स्वभावानं मात्र सताड उघडा. गुडघे गेलेले, पोट पुढे आलेलं, आणि कोणी काही नवीन सांगितलं की डोळे असे चमकायचे, की सांगणाऱ्यालाच वाटावं, आपण काहीतरी भारी बोललो बुवा.

असंच एका सकाळी एक गिऱ्हाईक बोललं. बोटीवरचा आचारी होता, जग फिरलेला. किल्ली कापून होईपर्यंत वेळ जावा म्हणून म्हणाला, "सुखी देशांची यादी निघते ना, त्यातल्या पहिल्या नंबरच्या देशात जाऊन आलोय मी. थंडी म्हणजे नाक गळून पडेल अशी. दुपारीच अंधार. पण पठ्ठे दाराला कुलूप लावत नाहीत."

कुलूपरावांचे डोळे चमकले. "मग तिथले कुलूपवाले काय करतात?"

"तेही सुखी असतील. माझी किल्ली द्या."

तिथले दवाखाने चांगले, शाळा चांगल्या, म्हातारपणी सरकार सांभाळतं, असंही त्या आचाऱ्यानं सांगितलं होतं. पण दवाखाना काही कुलूपरावांना बांधता येण्यासारखा नव्हता. कुलूप मात्र काढता येतं. देश नाही तर नाही, आपला जिना तरी सुखी करू, असं त्यांनी दुपारच्या जेवणाआधीच ठरवून टाकलं.

जिना म्हणजे चार बिऱ्हाडं, एकावर एक रचलेली. तळाला कुलूपराव आणि त्यांची बायको, त्यावर बेकरीवाला, त्यावर नर्सबाई, आणि सगळ्यात वर गणिताचे निवृत्त मास्तर. संध्याकाळी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवून कुलूपरावांनी बेत मांडला.

"आणि चोर आला तर?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"येऊ दे. तुझ्याकडे कालचा पाव असतो, हे त्यालाही माहीत असेल."

"प्रश्न चोराचा नाहीच," मास्तर म्हणाले. "प्रश्न एकमेकांवरच्या विश्वासाचा आहे. गणितातसुद्धा आपण एक गोष्ट आधी गृहीत धरतो, आणि मग..."

"मास्तर, मला कामावर जायचंय," नर्सबाई म्हणाल्या. "हो की नाही ते सांगा."

"हो!" मास्तर म्हणाले.

मग सगळेच हो म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले, की कुलूपरावांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन चारही दारांची कुलपं आतल्या कड्यांसकट काढली, पोत्यात भरली आणि पोतं दुकानात फळीखाली ढकललं.

आणि काय सांगावं, जिना खरंच बदलला. नर्सबाई कामावरून थकून यायच्या, तर टेबलावर बेकरीवाल्यानं ठेवलेला गरम पाव. मास्तरांकडे बुद्धिबळाचा डाव मांडलेलाच असायचा. येणाऱ्यानं एक चाल करावी आणि जावं. पूर्वी दारावर थाप पडली की आतून "कोण?", मग बाहेरून "मी", मग आतून "मी कोण?", अशी फौजदारी चौकशी व्हायची. आता थाप मारायची आणि शिरायचं. "कोण?" हा शब्दच जिन्यातून हद्दपार झाला. आणि कुलूपराव, जे रात्रीत चार वेळा उठून दार तपासायचे, ते आता असे झोपत, की घोरण्यानं बेकरीवाल्याच्या घरातले डबे वाजत.

मेहुणा तेवढा कुरकुरायचा. "भावोजी, गिऱ्हाईक कुलूप घ्यायला येतं आणि तुम्ही त्याला सांगता, लावू नका. न्हाव्यानं दाढी वाढवायचा सल्ला देत बसावं तसं चाललंय."

"तुला नाही कळायचं. तू दुःखी देशातला माणूस."

गोष्ट पसरली. समोरच्या इमारतीतला टॅक्सीवाला एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, "रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे येतो तुमच्याकडे. नीट बघतो. पटलं, तर सोमवारी आमचीही कुलपं काढून टाका." कुलूपरावांनी त्याला मिठीच मारली. आज समोरची इमारत, उद्या अख्खी गल्ली. पुढचं ते बोलले नाहीत, पण मेहुण्याला ऐकू आलं.

शनिवारी दुपारी कुलूपरावांना आठवलं, की चष्मा आदल्या दिवशी मास्तरांकडे बुद्धिबळाच्या पटाशेजारी राहिलाय. गुडघ्यांना शिव्या देत ते वर चढले, थाप मारली आणि दार ढकललं. दार हललं नाही. आत चपला फरफटल्या, आणि मग दाराच्या तळातून आवाज आला. सुर्र, टक्.

हा आवाज कुलूपराव झोपेतही ओळखतील. तेल घातलेली पितळी सरकती कडी. त्यांच्याच दुकानातली.

"या, या!" मास्तर म्हणाले. "दार जरा फुगलंय हो. दमट हवा."

हवा इतकी कोरडी होती की कुलूपरावांचे ओठ फुटले होते. त्यांनी दाराची चौकट धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा.

"चष्मा शोधताय का? तो टेबलावर आहे."

"चष्म्याशिवायच दिसलं, मास्तर."

मास्तर खुर्चीत बसले ते विरघळल्यासारखे. मग हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नका. बाकीचे एवढे मोकळेपणानं राहतात, आणि मी एकटाच भित्रा निघालो. दिवसा बाहेर जाताना उघडंच असतं हो. पण झोपायच्या वेळी... तुमच्या मेहुण्याकडून बसवून घेतली. माझ्या एकट्यामुळे तुमचा जिना बिघडू देऊ नका."

कुलूपराव एक मजला उतरले. नर्सबाईंचं दारही फुगलं होतं. "दादा, मला एकटीलाच धीर होत नाही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "बाकीच्यांना कळलं तर तोंड कसं दाखवू?" आणखी एक मजला उतरले. बेकरीवाल्याचंही दार फुगलेलं, आणि तोही एकटाच. अख्खी इमारत फुगली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की सूज फक्त आपल्याच दाराला आहे.

दुकानात मेहुणा किल्ली घासत होता.

"का रे?" कुलूपरावांनी एवढंच विचारलं.

मेहुण्याला विषय सांगावा लागला नाही. "भावोजी, मी कोणाच्या दारात गेलो नाही. एकेक जण आपणहून आला. आणि प्रत्येकानं बजावलं, दुसऱ्यांना कळू देऊ नकोस."

"आणि मला?"

"तुम्हाला तर मुळीच नाही, असं ताई म्हणाली."

"ताईचा काय संबंध?"

मेहुण्यानं पुन्हा कानस उचलली आणि किल्लीकडे बघतच म्हणाला, "पहिली कडी तिनंच नेली."

घरी दाराच्या मागे चपलांचं एक खोकं असायचं. कुलूपरावांनी ते कित्येक दिवस रोज बघितलं होतं आणि कधी सरकवलं नव्हतं. आज सरकवलं. कडीवर तेलाचा थेंब ताजा होता.

बायको स्वयंपाकघरातून आली. नवरा चपलांच्या शेजारी जमिनीवर बसलेला पाहून तिनं हात पुसले.

"कधीपासून?"

"तुम्ही कुलूप काढलंत त्याच रात्रीपासून. तुम्ही घोरायला लागलात की लावते. तुम्ही उठायच्या आत काढते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. भांडलेही होते. तुम्ही म्हणालात, त्या देशातल्या बायका भांडत नाहीत."

कुलूपरावांना ते आठवलं, आणि म्हणून जास्तच लागलं.

"तुम्ही इतके छान झोपत होतात हो," बायको म्हणाली. "मला वाटलं, दोघांपैकी एकानं तरी झोपावं."

आयुष्यातली सगळ्यात सुखाची झोप, आणि तीही कडीच्या आतली. त्या पहिल्या नंबरच्या देशात अख्ख्या जिन्यातून ते एकटेच राहायला गेले होते, आणि तो देश म्हणजेही बायकोनं रोज रात्री जपलेलं नुसतं चित्र होतं. त्यांनी खोकं जागेवर सरकवलं. उठायला बायकोनं हात दिला. तो न घेता, भिंत धरून उठले.

रविवारी संध्याकाळी समोरची मंडळी आली. मुलाबाळांसकट आली. पायऱ्या भरून गेल्या. बेकरीवाल्यानं बिस्किटं वाटली. टॅक्सीवाल्यानं प्रत्येक दार आपल्या हातानं ढकलून पाहिलं, आणि प्रत्येक दार अगदी लोण्यासारखं उघडलं. फुगलेली दारं रविवारी बरी झाली होती.

"वा!" टॅक्सीवाला म्हणाला. "म्हणजे खरंच कोणी आतून-बाहेरून काहीच लावत नाही?"

मास्तर छताकडे बघू लागले. नर्सबाई नखं तपासू लागल्या. बेकरीवाल्याला एकदम बिस्किटं मोजायची आठवण झाली. आणि सगळ्यांच्या नजरा चोरून कुलूपरावांकडे.

कुलूपरावांनी वाट पाहिली. कोणीतरी एकानं तोंड उघडावं. एक बोलला की दुसरा बोलेल, दुसरा बोलला की तिसरा. मग सगळ्यांना कळेल की भित्रं कोणीच एकटं नव्हतं, आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसतील. त्यावरही एखादा देश उभा राहू शकेल, असं त्या वेड्या माणसाला अजून वाटत होतं. कोणी बोलेना, तेव्हा त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली.

"माझ्या दाराला आतून कडी आहे," ते म्हणाले. "चपलांच्या खोक्यामागे. मला कालच कळलं."

बायकोनं मान खाली घातली. कुलूपराव मास्तरांकडे बघत राहिले. मास्तरांनी घसा साफ केला. बोलणार, आता बोलणार.

"अरेरे!" मास्तर म्हणाले. "कुलूपराव, तुमच्याच घरी?"

"चालायचंच हो दादा," नर्सबाई गोड आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांना नाही झेपत."

बेकरीवाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. आम्ही आहोत ना!"

टॅक्सीवाल्यानं बिस्किट संपवलं, हात झटकले. "ज्यानं काढलं, त्याच्याच घरी असं असेल, तर राहू दे बुवा," म्हणाला, आणि समोरची मंडळी मुलाबाळांसकट निघून गेली.

कोपऱ्यात उभा असलेला मेहुणा लालबुंद झाला होता. "भावोजी, सांगू का मी एकेकाचं?"

"कशाला? एवढ्या प्रेमानं धीर देतायत बिचारे. देऊ दे."

सगळे आपापल्या मजल्यावर गेले. जाताना मास्तर म्हणाले, "उद्या या, डाव अर्धा राहिलाय." मग वरून आवाज आले, अजून उजेड होता तरी. सुर्र, टक्. थोड्या वेळानं त्याखालून, सुर्र, टक्. मग अगदी डोक्यावरून.

"आत चला," बायको म्हणाली.

"तू हो पुढे. आणि कडी लाव."

"अहो, असं काय..."

"लाव म्हणतो ना."

ती गेली. खोकं सरकल्याचा आवाज आला, मग कडीचा. कुलूपराव शेवटच्या पायरीवर थोडा वेळ बसले. मग उठले, स्वतःच्या दारासमोर उभे राहिले आणि थाप मारली.

"कोण?" आतून बायकोचा आवाज आला. जुन्या सवयीनं, विचार न करता.

कुलूपरावांनी छाती भरून श्वास घेतला, आणि भर बाजारात ओरडावं तशा आवाजात, थेट वरच्या मजल्यापर्यंत पोचेल असं ओरडले, "कुलूपवाला! कडी बसवून पाहिजे का कोणाला, कडी?"

वर एकही दार उघडलं नाही. एक पाऊलसुद्धा वाजलं नाही. फक्त त्यांच्या दाराच्या तळाशी, अगदी हळू, कडी मागे सरकली.