बायको ओळखेना, मेंढ्या ओळखतो
घोड्यावरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून मेंढपाळ तोक्तोसुनला माणसांचे चेहरे ओळखू येईनात. नारिन शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूचा तेवढाच कोपरा दुखावलाय, बाकी सगळं शाबूत आहे."

घरी आल्यावर त्याची बायको बुर्माकान मुद्दाम गप्प उभी राहिली. तिला पाहुणी समजून त्याने अदबीने कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे केला! मेंढ्या मात्र आत येताच त्याने एकेकीला तोंड बघून नावाने हाक मारली.

"मेंढ्या ओळखता, अन् बायको नाही?" ती कडाडली.

आवाज ऐकताच तो खुलला. "तू होय! मी म्हटलं, एवढी देखणी पाहुणी कुठली!"

बुर्माकानने लाजून त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवसापासून ती लांबूनच गाणं म्हणत घरी येऊ लागली.