डिट्टोचं चिन्ह

आज ऑफिसात संगणकात चढवायला एक जुनं रजिस्टर आलं. गावाच्या रकान्यात एकदाच ‘झरी’ आणि खाली पानभर डिट्टोचं चिन्ह, म्हणजे ‘वरचंच’. बघताच डोकं तापलं.

काही वर्षांपूर्वी तलासरीत एका संस्थेत मी नवी ऑपरेटर होते. संगणकावरच्या फॉर्ममध्ये झरी गावातल्या दुसऱ्या माणसाचं नाव भरलं की ‘सिंटॅक्स एरर’, म्हणजे कोडची ओळ चुकल्याचा इशारा, यायचा. खिडकीबाहेर बाया दाखल्यासाठी सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. डहाणूहून तो फॉर्म बनवणारा प्रोग्रामर आला, अत्तराचा भपकारा घेऊन.

"काय दाबलंस गं?" तो सगळ्यांसमोर ओरडला.

"सर, पहिलं नाव जातं, दुसऱ्यापासून अडतं. तिथे मी रजिस्टरसारखं डिट्टो टाकते."

"मला कोड शिकवू नको."

दोन तास त्याने कोडच्या ओळी उपसल्या. डिट्टोचं चिन्ह दिसतं अवतरणचिन्हासारखंच; ते आलं की मजकूर संपला, असं त्याचा कोड समजत होता. त्याने गुपचूप एक ओळ बदलली आणि संस्थेच्या साहेबांना म्हणाला, "चूक हिची होती. काढा हिला."

साहेबांनी काढलं.

आता फॉर्म मी बनवते. प्रत्येक रकान्यात आधी तेच चिन्ह टाकून बघते. माझ्या फॉर्मला ते चालतं. तो माणूस मला अजूनही चालत नाही.