नंबर गेलेली टाकी

जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह काढून ती उपडी केली, की आतून गंजाची लाल पूड पडते. कितीही झटका, थोडी उरतेच. शिरोली एमआयडीसीतल्या अण्णांच्या शेडच्या आठवणींचं माझं तसंच झालंय. गुडघ्यांमुळं आता कामावर जाणं होत नाही. पण घरी नुसता बसलो, तरी एखादा किस्सा पडतोच बाहेर!

आमचं काम पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या, हवेच्या पोलादी टाक्या तपासायचं. टाकीत पाणी भरायचं, दाब द्यायचा, टाकी फुगते का बघायचं. पण त्याआधी तिच्या खांद्यावर ठोकलेला नंबर वाचायचा. नंबर नाही, तर टेस्ट नाही!

*

मालवणहून एकजण पिवळीजर्द टाकी घेऊन आला. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचा त्याचा धंदा. नंबर दिसेना, म्हणून मी रंग खरवडला. पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पिवळा!

अण्णा मला म्हणाले, "मामा, टाकी हाय का कांदा?"

मालवणकर शांतपणे म्हणाला, "गिऱ्हायकांक भिती वाटता, म्हणान रंगवतंय."

"आणि तुमास्नी वाटत न्हाय व्हय, पावणं?"

"माका कित्याक? मी होडयेत बसान आसतंय!"

*

झिजलेला नंबर वाचायला आम्ही त्यावर खडूची पूड चोळायचो. खळग्यात पूड बसली, की आकडा उठून दिसायचा. एकदा ऐन कामात खडू संपला. माझ्या डब्यात कांदा-लसणाची चटणी होती. तीच चोळली. लालभडक आकडे उमटले!

अण्णा जैन, त्यात चातुर्मास चाललेला. भिंग घेऊन पुढं आले, वास आला, तिथंच थांबले.

"मामा, तीन हाय का आठ?"

"तुम्हीच बघा की, अण्णा."

"लांबनंच सांगा! चातुर्मास संपेपर्यंत ही टाकी मला चालत न्हाय!"

*

टाकीवर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकायची आमची जुनी सवय. चांगली टाकी गाते, खराब टाकी ठस्स वाजते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेजारच्या फौंड्रीतल्या लोकांना मात्र ती चहाची घंटा वाटायची. टाकी गायली, की हातातलं काम टाकून सगळे बाहेर!

शेवटी त्यांचा सुपरवायझर हात जोडत आला. "मामा, एक तर खराब टाक्या आणा, न्हाय तर चार वाजता वाजवा की!"

*

बापू पंचगंगेकाठचा. नदीत कुणी बुडालं, की लोक आधी त्याच्या दारात यायचे. केस पिकले, दम लागायला लागला, तरी तो टाकी बांधून पाण्यात उतरायचाच. त्याची बायको आक्काताई घाटावर उभी राहायची. तो वर येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

एका दिवाळीनंतर दोघं टाकी घेऊन शेडवर आली. टाकी समईसारखी लखलखत होती, आणि खांदा सपाट! मी खडू चोळला, बोट फिरवलं. काहीच लागेना.

"बापू, नंबर कुठं गेला?"

"हिनं घासला! खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून दरसाल चिंच लावून, विटेच्या पुडीनं घासत्या. देवाच्या भांड्यागत!"

अण्णांनी चष्मा काढला. "बापू, बिननंबरची टाकी पास करता येत न्हाय. कुणी परत वापरू नये म्हणून कापायला लागंल."

बापू टाकीवर हात ठेवून बसून राहिला. "अण्णा, ह्या टाकीनं मला दर बारीला वर आणलंय."

अण्णांनी मलाच खूण केली. मी कटर लावला. टाकीचे दोन तुकडे होईपर्यंत आक्काताई जागची हलली नाही. घाटावर उभी राहायची, तशीच उभी.

बापू तोंड धुवायला नळाकडं गेला. मी तिला म्हणालो, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या तालमीतली पोरं त्याला नवी टाकी घेऊन देणार हाईत."

तिनं पदर सावरला. बापू लांब आहे ना, ते वळून पाहिलं. मग हळूच विचारलं,

"मामा, नव्या टाकीवरचं नंबर लई खोल असत्यात व्हय?"