चांद्रयान आणि माझी झडती

चांद्रयान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आमच्या गावात सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या असतील, तर माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने. टीव्ही त्यांच्याच ओसरीवर लावला होता. "आपलं यान उतरलं," म्हणत त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर पेढे ठेवले. माझ्याही हातावर एक आला. तो मी गोठ्यात जाऊन म्हशीला घातला.

राग आजचा नव्हता. त्याच्या आधीच्या यानाचं लँडर चंद्रावर आपटलं, त्या वर्षी माझी मोठी मुलगी दहावीत होती. आमचं गाव देवळीच्या अलीकडे, घरचा धंदा भाजीपाल्याचा. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना पोरगी मला यानांच्या गोष्टी सांगायची. पहिल्या चांद्रयानाने चंद्रावर पाण्याच्या खुणा शोधल्या, मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती पोचलं, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिला सायन्स घ्यायचं होतं आणि त्यासाठी वर्ध्याला जायचं होतं. मार्कही तेवढे होते.

निकाल लागला आणि भासऱ्यांनी ओसरीवर बसून निवाडा केला. "इतके मोठमोठे सायन्टिस, त्याईचं यान पडलं. तुही पोरगी काय दिवे लावते?" हे ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने मान खाली घातली. मी दाराआड उभी होते. आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्यांशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून सांगायचं, आणि नवरा सांगणारा नसेल तर गिळायचं. पोरगी मात्र बोलली, "मोठेबाबा, लँडर पडलं, पन ऑर्बिटर तं अजून फिरून राह्यलं. फोटो पाठवून राह्यलं." ते हसले. देवळीला आर्ट्समध्ये नाव घातलं. पोरीने सायन्सची जुनी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी आकाशातलं काही मला सांगितलं नाही.

आणि आता तेच भासरे पेढे वाटत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की नव्या यानासाठी जागा निवडताना त्या जुन्या ऑर्बिटरचे फोटो कामी आले. दक्षिण ध्रुवाच्या बाजूला आपल्याआधी कोणी उतरलं नव्हतं, आणि त्यात त्या पडलेल्या मोहिमेचा हात होता. मी तो कागद मोठीला दाखवला. तिने वाचला, घडी केली आणि भाकरी थापायला बसली. तेव्हा मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. धाकटी त्या वर्षी दहावीत होती.

काही आठवड्यांनी पोळा आला. बैलं आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभी राहिली की आमच्याकडे झडत्या होतात. एकेक जण पुढे येऊन यमक जुळवून कोणाचीही उणीदुणी काढतो, आणि गाव हर हर महादेव करतं. झडतीचा राग धरायचा नाही हा नियम. तो नियम गावावर लादणारे भासरेच, कारण झडतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लोकांच्या बायकांपासून भिंतींपर्यंत त्यांनी काही सोडलं नव्हतं. शेवटी छाती काढून विचारायचे, "अजून कोनी हाय का?" कोणी नसायचं.

त्या वर्षीही त्यांनी विचारलं. बायका मारुतीच्या ओट्याजवळ उभ्या होत्या. त्यांच्यातून मी निघाले. डोक्यावरचा पदर तसाच होता. तोरणाखाली जाऊन, त्यांच्याकडे बघून म्हटलं:

"एक यान आपटलं, म्हून दुसरं थांबलं नाई,
मोठीची वाट अडवली, तिची भरपाई नाई.
धाकटी घेईल सायन्स, बसेल वर्ध्याच्या गाडीत,
भाऊजी, हो म्हना आता, हो म्हना या झडतीत."

मग बायकांनी हर हर महादेव केलं, आणि मागून सगळ्या गावाने. भासऱ्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. रागावले तर स्वतःचाच नियम मोडतो, उत्तर द्यावं तर यमक सुचेना. घाम पुसत म्हणाले, "हो." मी म्हटलं, जोरात म्हना. त्यांना म्हणावं लागलं. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला लग्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटीचं वर्ध्याला नाव लागलं. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यात मावशीकडे राहायला निघाली त्या सकाळी भासरे अंगणात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले. "भरलं का तुह्यं मन आता?"

मोठी बहिणीची पिशवी धरून फाटकाशी उभी होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "नाई भाऊजी. हिचं सायन्स कोठून आनून देता?"

ते वळून आपल्या ओसरीवर गेले. पुढल्या पोळ्याला तोरणाखाली आलेच नाहीत, म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन झडती म्हटली.