पांढरी गोळी, गुलाबी गोळी

माझे काका रंगारी. मान वर करून छतं रंगवण्यात जन्म गेला, त्यात खांदा कायमचा धरला. डॉक्टरांनी त्यासाठी पांढरी गोळी दिली होती, जेवणानंतर घ्यायची. पुढे दाढ दुखली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी गुलाबी दिली. पहिल्या गोळीबद्दल काकांनी त्यांना सांगितलंच नाही. वर काकूला म्हणाले, "दाढेच्या डॉक्टरला खांद्याचं रडगाणं कशाला?" दोन्ही गोळ्या ते उपाशीपोटी घ्यायचे, कारण भरल्या पोटी शिडी चढवत नाही. शौचाला काळं होऊ लागलं, तेही कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी शिडीवरच घेरी आली.

दवाखान्यात नर्सने दोन्ही पाकिटं शेजारी धरली. "काका, औषध एकच आहे. दुप्पट घेतलंत, म्हणून पोटात जखम होऊन रक्त गेलं."

"रंग वेगळा दिसत नाही का?" काका चिडले.

शेजारी उभी असलेली काकू म्हणाली, "अहो, जन्मभर एकाच पांढऱ्या रंगात लाल रंगाचे थेंब कालवून लोकांच्या भिंती गुलाबी केल्यात ना?"

काकांनी तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "आता खांदा दुखला, तर काय घेऊ?"

"हेच तेव्हा दाढेच्या डॉक्टरला विचारायला तोंड नव्हतं?" म्हणत काकूने डोळे पुसले.