कान कुठं हाय त्याचा?

सुमे, हे तुला माइकवर बोलून पाठवतेय, निवांत बसून ऐक. आणि आधी जरा बोलणी खा. भाचीनं मावशीला फोन करायचा, "तुझ्या टेबलावरचा माइक कुठल्या कंपनीचा गं, मला क्लाससाठी घ्यायचाय" एवढंच विचारायचं आणि "ओके, बाय" करून मोकळं व्हायचं? विरारहून भाईंदर काय परदेश आहे? तुझे ऑनलाइन क्लास जोरात चालू देत, माइकही चांगला मिळू दे, पण माझ्या माइकची गोष्ट कंपनीच्या नावात मावत नाही. दुकानात आम्ही दोघी गेलो होतो. निवडला तो चौकशीमावशीनं.

चौकशीमावशी म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये सुके बोंबील आणि सुकट घेऊन येणारी उत्तनची मावशी. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त चर्चमध्ये वापरत असावेत. कुठलीही नवी वस्तू दिसली की ती पाटी खाली ठेवायची, कमरेवर हात घ्यायची आणि विचारायची, "कान कुठं हाय त्याचा?" आमच्याकडे लिफ्ट बसली तेव्हा वॉचमनला धरलंन. "मैं चौथे माले पे बटण दाबती, ये नीचे से कैसे सुनती? कान किधर है इसका?" वॉचमन म्हणाला, "माँजी, अंदर वायर है." "वायर तो नस हुआ. कान किधर?" तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून तिला बघून जिन्यानं जायला लागला.

एकदा मी विचारलंच, बाई, हे कानाचं काय खूळ तुझं? तर म्हणाली, "ताई, होडीवरनं किनाऱ्याला हाक मारायची ना, तर आधी बघायचं, समोरच्याचा कान वाऱ्याच्या कुठल्या बाजूला हाय. न्हायतर घसा फुकट." मला ते पटलं. तेव्हापासून तुझ्या काकांशी बोलतानाही मी आधी कान बघायला लागले.

विक्री आटपली की ती माझ्याकडे चहाला टेकायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, कम्प्युटर शिकले तो चुकून चुकून, एकेक बटण दाबून. तिला त्याचं भारी कौतुक. परदेशातल्या लेकीशी आणि नातीशी ती माझ्याच कम्प्युटरवर बोलायची. "मोबाइलात नात सुक्या बोंबलाएवढी दिसते. तुझ्याकडं कशी भरली पापलेट वाटते!"

मग त्या नातीचं लग्न ठरलं, तिकडेच. मावशीला जायचं होतं, पण व्हिसा काही आला नाही. ती रडली नाही. तिची काळजी वेगळीच होती. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. पाण्याला निघताना घरातली मोठी बाई गाणं म्हणते. "विहीर न्हाय तर नळाचं घेतील," मावशी म्हणाली, "पन गाणं न्हाय झालं तर ती नुसती आंघोळ. रोजच्यासारखी." लेकीला गाणं अर्धंमुर्धंच यायचं. म्हणजे आता ते इथूनच जायला हवं होतं.

आम्ही कॉल लावला. मावशीनं पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरू केलं. लेक तिकडून म्हणते, "मम्मी, तोंड हलतंय, आवाज न्हाय." मावशी बोलली की ऐकू जायचं, गायली की गायब. चार वेळा तेच. मी मग शोध शोध शोधलं. कम्प्युटरात म्हणे एक सोय असते, बोलण्याशिवायचे आवाज गाळून टाकायची. त्यानं हिचं गाणं गोंगाट समजून गाळून टाकलं होतं!

"माजं गाणं गाळलं? सुकटातला कचरा गाळावा तसं?" मावशी स्क्रीनच्या तोंडाशी बोट नाचवत होती. "कान तपासा म्हनावं याचा!"

ती सोय मी बंद केली. मग पंखा, कुकर, खालचा भंगारवाला सगळेच लग्नाला निघाले आणि मावशीचा आवाज पिंपात बसून गायल्यासारखा. शिवाय लांबच्या कॉलवर आवाज उशिरा पोचतो, ओळीवर ओळ चढते. तेव्हा ठरलं, चांगला माइक आणायचा, गाणं आधीच भरून पाठवायचं, त्यांनी तिकडे लावायचं.

स्टेशनजवळच्या दुकानात गुजराती भाई होता. "किसके लिए चाहिए, माताजी? गेमिंग?"

"लगीन के लिए."

"शादी में तो बडा स्पीकर लगेगा!"

त्याला समजावण्यातच त्याचा अर्धा चहा संपला. त्यानं आधी पदराला लावायचा चिमटीएवढा माइक काढला. मावशी म्हणाली, "मैं क्या टीव्हीपे झगडने जाती?" कानावर चढवायचा दाखवला, तर तिनं अंबाडा पुढे केला, "हे फूल काढून तो लावू?" शेवटी टेबलावर ठेवायचे दोन निघाले. अर्थातच मावशीनं विचारलं, "कान किधर है इसका?"

भाई हसला, पण उत्तर त्यानं बरोबर दिलं. एक माइक चारी बाजूंनी ऐकतो, खोलीतलं सगळं पकडतो. दुसरा फक्त समोरचं ऐकतो. "आगे से सुनता है, पीछे से बहरा."

"म्हंजे माज्या दादल्यासारखा!" मावशी दुकानभर हसली. "हाच दे. याची सवय हाय मला."

घरी आणला, वायर जोडली, पंखा बंद केला. मांडवातल्या माइकवर गातात तशी मावशी त्याच्या टाळूशी तोंड नेऊन गायला लागली. ऐकून बघतो तर आवाज कसा, शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. मी हिरमुसले. मावशीनं मात्र गाता गाताच त्याच्या अंगावरून अंगठी टकटक वाजवत नेली, डोक्याला, पाठीला, पोटाला. भरलेलं लावून ऐकलं तर पोटाची टकटक सगळ्यात ठणठणीत! "अगो, याचा कान पोटाला हाय!" ती आनंदानं ओरडली. मग पोटासमोर बसली, आणि सुमे, काय सांगू, आवाज असा आला की मी मागे वळून बघितलं, ही खोलीत दुसरी कोण.

पण एक ओळ झाली आणि मावशी थांबली. "कोन कोन येते गो पान्याला?" एवढं म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

"पुढे म्हण ना," मी म्हटलं.

"पुढची माजी नसते. ती बायांची. उत्तर कोन देनार?"

तेव्हा मला कळलं की हे गाणं एकटीचं नाहीच. मोठी बाई विचारते, बाकीच्या म्हणतात, "आमी येतो गो, आमी येतो!" मग मीच शिकले ती ओळ. "आम्ही" म्हटलं की मावशी टोकायची, "मास्तरीण, आमी!" टेबलाच्या पलीकडे बसून मी जीव तोडून उत्तरं दिली. मग लावून ऐकलं. मावशीची ओळ खणखणीत, आणि माझ्या जागी शांतता. मी बसले होते माइकच्या पाठीला. पीछे से बहरा!

मी म्हटलं, बदलून आणू या, चारी बाजूंनी ऐकणारा. निदान मी तुझ्या बाजूला येऊन बसते. मावशीनं हेडफोन लावून ते पुन्हा ऐकलं, मोकळ्या जागांसकट. मग म्हणाली, "नको. ही जागा तिकडच्या बायांची. आपन भरली तर त्या नुसत्या ऐकत बसतील. राहू दे मोकळी."

"आणि कोणी उत्तरच नाही दिलं तर?"

त्यावर तिनं पाटी उचलली आणि गेली. माझ्या मात्र डोक्यात तेच. तिकडे लेक सोडली तर बाकी नातीच्या मैत्रिणी, कुठल्या कुठल्या देशांच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिकडे संध्याकाळ होती आणि इकडे नुकतं दूध आलं होतं. मावशी पहिल्या बसनं आली, नवं लुगडं नेसून. स्क्रीनवर त्यांचं स्वयंपाकघर, नळाखाली कळशीच्या जागी स्टीलचं पातेलं. लेकीनं गाणं लावलं.

"कोन कोन येते गो पान्याला?"

मुली नुसत्या एकमेकींकडे बघून हसल्या. मावशीनं माझा हात घट्ट धरला. दुसऱ्यांदा तीच ओळ आली, आणि लेक एकटीच पुटपुटली, "आमी येतो गो..." तिसऱ्यांदा नातीनं लेकीच्या आवाजात आवाज मिसळला. आणि मग चौथ्या वेळी त्या सगळ्या पोरी, गोऱ्या, काळ्या, एक तर डोक्याला रुमाल बांधलेली, वाट्टेल तशा उच्चारात ओरडल्या, "आमी येतो गो, आमी येतो!" नळ सुटला.

मावशीनं माझा हात सोडला आणि नुसतं "हां" म्हटलं. मग उठून कम्प्युटरच्या मागे जाऊन वाकून बघून आली. "इतकं लांबचं ऐकतो," म्हणाली, "आनि भायेर कान एवढासा."

ती गेली त्याला फार दिवस नाही झाले. उत्तनला मातीला गेले होते मी. आता दुसरी कोणी बोंबील आणते. चांगले असतात. पण ती लिफ्टमधून न विचारता येते, न विचारता जाते.

तर माइक घेताना कंपनी विचारू नकोस. कान कुठं आहे ते विचार, आणि मागून किती बहिरा आहे ते. एकटीनं शिकवायचं असेल तर असाच घे. पण त्याआधी माझा बघायला ये. टेबलाच्या पुढच्या बाजूला मी दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात. कधी कधी ते गाणं लावते, मावशी विचारते, "कोन कोन येते गो?" आणि त्या मोकळ्या जागेत मी एकटीच उत्तर देते. एकटीचा "आमी" खोटा वाटतो गं. तू ये. उत्तर फोनवर पाठवू नकोस, इथे येऊन दे.