पोपटाचं पान

"पोरगी पाहून राह्यली ना, बाई?" असं विचारत ती पदरानं पुस्तकाचं पान पुसायची, जणू लेकीची नजर पानावर ठरत नव्हती यात दोष छपाईचाच होता.

आलापल्लीच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची ही माझी शेजारीण. नवरा जंगल खात्यात नाकेदार, ती चौथी शिकलेली. पहिलीच मुलगी, वर्षाचीही झाली नव्हती. माझ्याकडचं चित्रांचं पुस्तक नेऊन ती रोज दुपारी लेकीला मांडीवर घेऊन वाचत बसायची. मुलांना वाचून दाखवणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील, पण दात न आलेल्या मुलीला वाचून दाखवणारी आमच्या वस्तीत ती एकटीच.

सासू म्हणायची, "तिले काय समजते? पान खाऊन टाकीन."

"खाऊ द्या. चव तं समजन."

पुढे मुलीला हगवण लागली. पार वाळून गेली बिचारी. पोट सावरलं, पण पूर्वी पोपटाच्या चित्रावर झडप घालणारी मुलगी आता नुसती आईच्या आवाजाकडे तोंड वळवायची.

"बाई, हे पोरगी मले आयकते. पानाकडं पाहत नाई."

सासू म्हणाली, अशक्तपणा आहे, जाईल. हिचं मन मानेना. ती लेकीला उजेडात घेऊन आली. डोळे कोरडे, वर धुरकट साय आल्यासारखी. आम्ही दोघी लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. वाटभर ती पुस्तक न उघडताच बोलत होती, "पोपट हिरवा, चोच लाल." संपलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या लवकर कसं लक्षात आलं?"

"वाचताना."

"कोण वाचत होतं?"

"आमी दोघी," ती म्हणाली.

हगवणीनं अंगातलं अ जीवनसत्त्व संपलं होतं; माशाच्या तेलाचं औषध सुरू झालं. एका डोळ्यावरची साय गेली नाही. दुसरा मात्र हळूहळू उजळला. एका सकाळी ती मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात आली आणि तिनं पोपटाचं पान उघडलं. मुलीनं पोपटाच्या चोचीवर थापटी मारली. आई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडत राहिली.

पुढे नवऱ्याची बदली सिरोंच्याकडे झाली. निघताना ती ट्रकमध्ये बोचक्यांवर बसली होती. मुलीचा चांगला डोळा बाहेरच्या बाजूला येईल असं तिनं तिला धरलं होतं. ट्रक हलला तशी ती बोट दाखवून सांगू लागली, "हे साग. हे मोह. हे बांबू." माझ्याकडे वळून पाहायलाही तिला सवड नव्हती.